गिटारीने भस्म लावलं

पोचा पडतो तो भांड्याला. लाकडाचा टवका उडतो, त्याला चरा पडतो. पण त्या रविवारी दुपारी सिद्धारामच्या गिटारीला जे झालं त्याला टवका म्हणावं तर काही उडालेलं नव्हतं, आणि चरा म्हणावं तर त्याला लांबी नव्हती. हरभऱ्याच्या डाळीएवढा एक खळगा, तोही कडेला. अक्कम्मा त्या खळग्याकडे कितीतरी वेळ बघत बसली होती. रक्त आलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. हळद तरी दाबून धरता आली असती.

झालं होतं एवढंच की, ती देवाची भांडी चिंचेने घासत होती. घासता घासता पलंगावरच्या गिटारीवर धूळ बसलीय असं तिला वाटलं, आणि ती तशीच उठली. हातात घंटा आहे आणि हात चिंचेने बुळबुळीत आहेत, याचा तिला विसर पडला. घंटा निसटली. गिटारीवर आपटून घंटा वाजली, घंटेच्या धक्क्याने गिटारीच्या तारा वाजल्या, आणि मग दोन्ही गप्प झाल्या. दुसरं काही पडलं असतं तर अक्कम्माने देवापुढे हात जोडून गाऱ्हाणं घातलं असतं. घाव देवाच्याच घंटेने घातल्यावर गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं?

सिद्धाराम तिचा नवरा. बांधकाम खात्यात कारकून. दुष्काळाच्या साली लोक ज्वारीच्या पोत्यासाठी वणवण करत असताना या गृहस्थाने मुंबईहून गिटार आणली होती, आणि त्याच्या बाळीवेशीच्या वस्तीत तेव्हापासून त्याला शहाण्यात मोजायचं की नाही याचा निकाल लागलेला नव्हता. ती गिटार तो कपाटात, आपल्या लग्नातल्या शालीत गुंडाळून, कुलूप लावून ठेवी. किल्ली जानव्यासारखी गळ्यात. लिंगायताच्या गळ्यात इष्टलिंगाखेरीज आणखी काही दिसलं की लोक विचारतातच. तो सांगे, तिजोरीची आहे.

पण गेल्या आठवड्यात कपाटाला वाळवी लागली. आणि मेहुण्याच्या सोयरिकीची बोलणी मंद्रूपला ठरलेली. सोमवारी संध्याकाळी त्याच्या खात्यातल्या मोठ्या साहेबांचा निरोप समारंभ होता, तिथे सिद्धारामचं गिटारवादन होतं. तो मंद्रूपहून थेट येऊन, कपडे बदलून, गिटार घेऊन जाणार होता. निघताना त्याने गिटार पलंगावर ठेवली, शाल तिच्याखाली नीट अंथरली, आणि उंबऱ्यात थांबून म्हणाला, "तुझ्यावर सोडून चाललोय."

संसारात त्याने तिच्यावर पुष्कळ काही सोडलं होतं. रेशनची रांग, सासूचं आजारपण, भाड्यासाठी घरमालकिणीची मनधरणी. पण ते सांगून सोडलेलं नव्हतं. हे पहिलंच. अक्कम्मा त्या वाक्याने सकाळभर हरखून होती, आणि म्हणूनच धूळ तिच्या नजरेत आली. नाहीतर त्या घरात धूळ रोजचीच होती.

शेजारच्या कस्तुराबाई आवाज ऐकून आल्या. कस्तुराबाईंना बोलवावं लागत नसे. कुणाच्या घरी चमचा पडला तरी तो कुठल्या धातूचा, हे त्या भिंतीपलीकडून सांगत. त्यांनी खळगा पाहिला, बोटाने चाचपला, आणि पहिला प्रश्न केला, "तुझी कडक भाकरी तर नाही ना पडली?"

अक्कम्माच्या कडक भाकरीवर गल्लीत बोललं जाई हे तिला ठाऊक होतं. तोंडावर कुणी बोललं नव्हतं. पण ही वेळ भाकरीची बाजू घेण्याची नव्हती. तिने गिळलं.

मग कस्तुराबाईंनी उपाय सांगायला सुरुवात केली. मेणात हळद कालवून भर. नको, पिवळं दिसेल. बुटाचं पॉलिश लाव. नको, वास येईल. उंदराने कुरतडलं म्हणून सांग. अक्कम्मा म्हणाली की आपण खोटं बोलत नाही. कस्तुराबाई म्हणाल्या, मग उंदीर आणू. शेवटी त्यांची नजर मोरीच्या दाराकडे गेली, आणि त्यांना जे सुचलं ते खरोखर बिनतोड होतं. हे दार पावसाळ्यात फुगतं की नाही? फुगून चौकटीत बसत नाही की नाही? मग गिटार म्हणजे तरी काय, लाकूडच. दबलेल्या लाकडाला पाणी पाजायचं आणि ऊब द्यायची. आपोआप वर येतं.

ऊब म्हणजे इस्त्री, आणि इस्त्री म्हणजे कोपऱ्यावरचा जोतीराम परीट. तो कोळशाची धगधगती इस्त्री घेऊन आला आणि गिटार पाहून दारातच थबकला. त्याने धोतरं केली होती, वकिलांचे कोट केले होते, एका नवरदेवाचा फेटा डोक्यावरच केला होता. पण हे प्रकरण त्याच्या हाताखालून गेलेलं नव्हतं. त्याने इस्त्रीला बोट लावून चटका पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "वैनी, हे सुती धरू का रेशमी?"

रेशमी, असं अक्कम्मा म्हणाली. तिला तेच योग्य वाटलं.

ओलं फडकं ठेवून जोतीरामने इस्त्री टेकवली. चर्र झालं, वाफ निघाली, अक्कम्माने डोळे मिटून पंचाक्षरी म्हटली. फडकं उचललं तर खळगा निम्मा वर आलेला. पुन्हा टेकवली. खळगा गेला. बोट फिरवलं तरी लागेना. जोतीराम आपल्या इस्त्रीकडे अशा नजरेने बघू लागला की आजवर आपण हिला ओळखलंच नाही. अक्कम्मा त्याला चहा देणार होती, पण इथे कस्तुराबाईंना राहवलं नाही. लाकूड पुन्हा बसू नये म्हणून रात्रभर ओलं फडकं राहू दे, असं त्यांनी बजावलं, स्वतःच्या हाताने फडक्याच्या नीट घड्या घातल्या, आणि ते गिटारीच्या अंगावर कपाळपट्टीसारखं ठेवून त्या घरी गेल्या.

आता सोमवारबद्दल सांगायला हवं. अक्कम्माचे नेम पुष्कळ होते, पण सोमवारचं मौन सगळ्यांत कडक. पहाटे डोळा उघडल्यापासून तिन्हीसांजेला दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द नाही. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात धरलेलं, बाळंतपणातसुद्धा न सुटलेलं. सुईण घाबरली होती. सिद्धारामच्या कचेरीतले लोक दर सोमवारी त्याच्याकडून चहा उकळत, एवढं नशीब एकट्याने भोगू नये म्हणून.

तर सोमवारी पहाटे अक्कम्माने अंघोळ केली, लिंगपूजा केली, भस्म लावलं, आणि प्रसन्न मनाने फडकं उचललं.

गिटारीवर तीन पांढरे पट्टे उमटले होते. आडवे, सारख्या अंतरावर. तपकिरी लाकडावर भस्माची तीन बोटं कुणी ओढावीत तसे. फडक्याच्या घड्या जिथे जिथे होत्या, नेमक्या तिथे तिथे. पदराने पुसलं, जाईना. ओल्या हाताने पुसलं तर जास्तच उजळले. वरचं पॉलिशच आतून दुधाळलं होतं. ती पलंगाशी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी पुसू लागली, आणि नेमकी त्या वेळी वरच्या मजल्यावरची घरमालकीण निंगव्वा, नळाला पाणी आलं हे सांगायला आत आली.

निंगव्वाने काय पाहिलं ते नीट ध्यानात घ्यायला हवं. नेमाची बाई, मौनात, कपाळावर भस्म, गुडघ्यावर बसलेली. समोर वाद्य. वाद्याच्या अंगावर भस्म. म्हातारीच्या हातातली कळशी खाली आली आणि तिचे दोन्ही हात वर गेले. "शिवा शिवा," ती म्हणाली, आणि धाकट्या बहिणीला मारतात तशी कानडी हाक मारली. "तंगी, ह्ये तुज्या नेमाचं फळ हाय."

अक्कम्माने जोरजोरात मान हलवली. निंगव्वाला तो विनय वाटला.

अक्कम्माने मग खुणेने सांगायचं ठरवलं. तिने मुठीत काहीतरी धरल्यासारखं केलं आणि हात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवला. इस्त्री फिरवली, असं तिला म्हणायचं होतं. "व्हय व्हय," निंगव्वा म्हणाली, "असंच लावतेत, आडवं," आणि तिने स्वतःच्या कपाळावर तीन बोटं तशीच फिरवून दाखवली. मग ती उठली आणि तिच्या गुडघ्यांना गेल्या कित्येक वर्षांत न जमलेल्या वेगाने गल्लीत गेली.

तांबडं फुटेपर्यंत घरात माणसं मावेनात. अक्कम्माची सगळी भिस्त आता कस्तुराबाईंवर होती. सल्ला त्यांचा, घड्या त्यांच्या, त्या आल्या की सगळा उलगडा होईल. कस्तुराबाई आल्या, पट्टे बघितले, आणि पांढऱ्या पडल्या. अक्कम्माला दिसलं की त्यांना सगळं कळलं. हा चमत्कार नसेल तर काय आहे, आणि ते कुणाच्या डोक्यातून निघालं आहे, याचा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर उभा राहिला. मग त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि सगळ्यांत आधी लोटांगण घातलं. "काल मी इथेच होते," त्या उठून लोकांना सांगू लागल्या, "कालपासूनच मला काहीतरी जाणवत होतं."

अक्कम्माला जो धक्का पट्ट्यांनी बसला नव्हता तो आता बसला.

लिहून सांगायला नेमाची हरकत नव्हती. तिने रांगोळीचा डबा ओढला आणि उंबऱ्याशी, लोकांच्या पायांतून जागा करून, ठळक अक्षरांत लिहिलं: इस्त्री. निंगव्वाला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं काय लिवलंय. कस्तुराबाई पुढे झाल्या, त्यांचा पाय पहिल्या अक्षरावर पडला की पाडला हे शिवालाच ठाऊक, आणि त्यांनी मोठ्याने वाचलं, "स्त्री."

रांगोळीचा डबा गर्दीत पायदळी गेला. मग वाद सुरू झाला. भस्म म्हटल्यावर शंकर, हे सगळ्यांनी धरलं होतं. आता खुद्द अक्कम्मा सांगतेय की स्त्री. म्हणजे पार्वती. पण पार्वती भस्म कशी लावील, असा एकाने मुद्दा काढला. दुसरा म्हणाला, गिटारीचा आकार बघा की, बाईचाच आहे. तेव्हा तिसऱ्याने त्याला बायकांसमोर असं बोलू नये म्हणून दटावलं. तोवर, काल आपल्या इस्त्रीने गिटारीला ऊब दिली असं जोतीराम बोलून गेल्यामुळे, त्याच्या दुकानापुढे रांग लागली होती. ज्या इस्त्रीने देवीला ऊब दिली त्या इस्त्रीखालून लोकांना आपापले सदरे काढून हवे होते. त्याने काय करावं? इस्त्री जमिनीवर ठेवायची सोडून चौरंगावर ठेवू लागला.

दुपारी हवालदार आले. रस्ता अडला होता. निंगव्वाने त्यांना सांगितलं की संध्याकाळी गिटार पालखीतून मठात न्यायची आहे, बाजा सांगितलाय. हवालदार म्हणाले, मिरवणुकीला परवानगी लागते, आणि परवानगीला देवाचं नाव लागतं. कुणालाच नाव माहीत नव्हतं. गिटारेश्वरी, असं कुणीतरी सुचवलं. असा देव यादीत नाही, हवालदार म्हणाले. वरून विचारून येतो. जाताना त्यांनी चप्पल काढून नमस्कार मात्र केला, वरून काय उत्तर येईल ते सांगता येत नाही म्हणून.

पालखी हा शब्द ऐकल्यापासून अक्कम्मा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. गिटार चौरंगावर, तारांमध्ये बेलाची पानं खोचलेली, गळ्यात कण्हेरीचा हार, पुढे नारळांचा ढीग. एकदा मठात गेली की ती परत येणार नव्हती. देवाला दिलेली वस्तू कोण मागून आणणार? आणि तिकडे मंद्रूपहून एसटी निघाली असेल. तुझ्यावर सोडून चाललोय, असं म्हणून गेलेला माणूस त्या एसटीत बसून आजच्या गाण्यांची बोटं गुडघ्यावर वाजवत असेल. त्याहून वाईट म्हणजे, तिच्या घरात, तिच्या मौनाच्या आडोशाने, कोळशाच्या इस्त्रीला शंकराचं नाव लागलं होतं. बोलावं तर नेम मोडतो. न बोलावं तर न बोलताच खोटं बोलणं होतं. आपण खोटं बोलत नाही, हे काल किती सहज म्हणाली होती ती. काल रविवार होता, रविवारी सगळं सोपं असतं.

तिने सूर्याकडे पाहिलं. सूर्याला घाई नव्हती.

सिद्धाराम आला तो ऊन भिंतीवर असतानाच. गल्लीतल्या चपला पाहून त्याला वाटलं घरात कुणी गेलं. त्याने तोंडाला रुमाल लावला आणि लोकांनी करून दिलेल्या वाटेने तो आत आला. आधी त्याला अक्कम्मा दिसली, जिवंत. त्याने रुमाल काढला. मग गिटार दिसली. त्याने रुमाल पुन्हा लावला.

सगळे एकदम बोलू लागले. निंगव्वा सांगत होती की तुमच्या कुळाचा उद्धार झाला, कस्तुराबाई सांगत होत्या की मला कालपासून जाणवत होतं, बाहेर बाजावाले सूर लावत होते. सिद्धारामने कुणाचंच ऐकलं नाही. तो अक्कम्माकडे बघत होता. रागाने नव्हे. एवढा साधा विश्वास त्या नजरेत होता की, बाकी कुणी काही म्हणो, हिला माहीत असणार आणि ही मला फसवणार नाही. पण तो विचारणार नव्हता, कारण सोमवार होता. लग्नापासून त्याने सोमवारी तिला कधीच काही विचारलं नव्हतं.

"ते भस्म नाही," अक्कम्मा म्हणाली.

दिवसभर न वापरलेला आवाज घोगरा निघाला. बाजा थांबला.

"घंटा माझ्या हातातून पडली. खळगा पडला. मी त्यावर इस्त्री फिरवली. ते इस्त्रीचे पट्टे आहेत."

अक्कम्माला वाटलं, संपलं; आता लोक नारळ उचलतील आणि मला नावं ठेवत जातील. पण निंगव्वाचा चेहरा उजळत चालला होता. तिने हात वर केला आणि लोकांकडे वळून म्हणाली, "बगा. बाळंतपणात बोलली न्हाय ती. हितं बोलली. देवीनं वाचा दिली."

त्यावर कस्तुराबाईंनी टाळ्या वाजवल्या.

अक्कम्मा सांगत राहिली, इस्त्री, अहो कोळशाची इस्त्री, आणि तिच्या प्रत्येक शब्दाला लोक हात जोडत राहिले. एवढ्या वर्षांचा नेम मोडून ती खरं बोलत होती आणि खऱ्याला प्रसादासारखं वाटून खाल्लं जात होतं. निंगव्वाने पालखीआधी देवीला लोण्याने माखायचं ठरवलं. तिने गोळा हातावर घेतला आणि पट्ट्यांवर घासायला लागली. म्हातारीच्या हाताला जोर होता, भक्तीने दुप्पट झालेला. घासता घासता एक पट्टा फिका झाला. मग दुसरा. लोणी लाकडात जिरलं आणि खालून स्वच्छ तपकिरी, चकचकीत गिटार वर आली. तिच्यावर काहीच नव्हतं.

निंगव्वाने हात थांबवला. मग मागून एकजण म्हणाला की देवी गेली. का गेली, यावर मात्र एका क्षणात सगळ्यांचं एकमत झालं. मौन मोडलं म्हणून गेली. निंगव्वाने अक्कम्माकडे अशा दुःखाने पाहिलं की तसं भाडं थकलेल्या महिन्यांतसुद्धा पाहिलं नव्हतं, आणि ती नारळ उचलू लागली. बाजावाल्यांनी भाड्यावरून थोडा आवाज केला. कस्तुराबाई सगळ्यांत शेवटी गेल्या. जाताना म्हणाल्या, "मी सांगतच होते, इस्त्री नको म्हणून."

खोली रिकामी झाली. सिद्धारामने बेलाची पानं एकेक करून तारांतून काढली, हार काढला, गिटार दाराशी उजेडात नेली. अक्कम्मा मागे उभी राहिली आणि खळगा जिथे पडला होता तिथे तिने बोट ठेवलं. बोटाखाली काहीच नव्हतं. तो फिरवून बघू लागला, तिरपी धरून बघू लागला, नखाने चाचपून बघू लागला. जोतीरामने रेशमी धरून काम केलं होतं.

"इथे काही नाही गं," तो म्हणाला.

तिने पुन्हा सांगितलं. घंटा, चिंच, हात निसटला. तो ऐकता ऐकता हळूहळू हसू लागला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या ध्यानात सगळं आलं होतं, म्हणजे चुकीचं आलं होतं. गिटार मठात जाऊ नये म्हणून हिने नेम मोडला, आणि वर आपल्या अंगावर खोटा आळ घेतला. माझ्यासाठी. "तू खोटं बोलशील असं मला कधी वाटलं नव्हतं," तो भारावून म्हणाला.

अक्कम्मा उंबऱ्यावर बसली. गल्ली तिला मौन मोडणारी म्हणत होती, नवरा खोटं बोलणारी म्हणून तिचं कौतुक करत होता, आणि दोघांनाही समजावून सांगण्याचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

निरोप समारंभाची वेळ झाली होती. त्याने घाईने सदरा बदलला, गिटार शालीत न गुंडाळताच बगलेत घेतली, आणि अजून तिच्याकडेच बघत, मान मागे वळवून, प्रेमाने काहीतरी म्हणत तो दारातून बाहेर पडायला गेला. गिटार चौकटीवर आपटली.

ठक्क, असा आवाज झाला. तारा बराच वेळ थरथरत राहिल्या.

तो वळला नाही. गिटारीकडे बघितलंही नाही. फक्त अंगठा कडेवरून हळूच फिरवला, आणि तो एका जागी थांबला. अक्कम्माने बसल्या जागेवरून पाहिलं. हरभऱ्याच्या डाळीएवढा नव्हता. शेंगदाण्याएवढा होता.

सिद्धारामचा चेहरा त्याच्या सदऱ्यासारखा पांढरा झाला होता. मग तो खाली वाकला आणि शेजारच्या भिंतीकडे एक नजर टाकून पुटपुटला, "कस्तुराबाईंना सांगू नकोस."

अक्कम्माने मान डोलावली. तो गेला, गिटार दोन्ही हातांत धरून, तान्हं मूल दवाखान्यात नेतात तसा.

तिन्हीसांज झाली. अक्कम्माने समई लावली, हात जोडले, जे मोडलं त्याची क्षमा मागितली. आता तिच्यावर कसलाही नेम नव्हता. मन मानेल तेवढं बोलता आलं असतं. तेवढ्यात दाराशी कस्तुराबाई आल्या आणि त्यांनी विचारलं, आत्ता कसला गं आवाज झाला?

अक्कम्माने त्यांच्याकडे पाहिलं. खोटं ती बोलत नव्हती, आणि खरं बोलायला मनाई झाली होती. ती गप्प राहिली.

कस्तुराबाईंनी समईकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे पाहिलं. पुन्हा विचारलं. मग त्यांनी तोंडावर पदर धरला आणि त्या मागच्या पावली निघाल्या. बातमी गल्लीच्या तोंडापर्यंत पोचली तेव्हा ती अशी झाली होती की, देवीने अक्कम्माची वाचा जाता जाता आपल्याबरोबर नेली.